गावचा महजर वाचवायचा असेल तर

गुहागर तालुक्यातल्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: ग्रामदेवतेच्या देवस्थानाकडे पेशवाईतला एक मोडी महजर, म्हणजे गावच्या तंट्याच्या निवाड्याचा कागद, आहे. बंदाला बंद, म्हणजे कागदाच्या तुकड्याला तुकडा, जोडून केलेला लांब कागद, पत्र्याच्या नळीत गुंडाळलेला. उलगडायला गेलं की कडेचे तुकडे हातात येतात. एका संवर्धन प्रयोगशाळेने तो पाहून खर्च सांगितला आहे. ट्रस्टी म्हणतात, मोबाइलवर फोटो काढलेत, तेवढे पुरे. काही जाणती माणसं म्हणतात, जुने कागद उकरू नका, नसत्या भानगडी होतील. तरुण मुलांना उत्साह आहे, पण ती मुंबईत. मग गावाला यात ओढायचं कसं? आणि नाहीच जमलं तर मूळ कागद पुण्याच्या एखाद्या संशोधन संस्थेला देऊन टाकावा का?

मी जुन्या कागदांच्या संवर्धनाचं काम करतो. त्यातला बराच काळ कोकणातल्या देवस्थानांची, वाचनालयांची आणि घरांतली दप्तरं हाताळण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

लोकांकडे जाण्याआधी कागदाचं बघू. नळी आता उघडू नका. कोणाला दाखवायची म्हणूनही नाही. दरवेळी उलगडताना एखादं अक्षर जातं आणि ते परत येत नाही. जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कोरड्या जागी ती आडवी ठेवा. सेलोटेप लावू नका; त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. झेरॉक्सच्या दुकानातलं लॅमिनेशन तर अजिबात नको. उष्णतेने प्लास्टिक कागदात मुरतं आणि नंतर आम्हालाही ते सोडवता येत नाही. डांबरगोळ्या टाकल्या असतील तर काढून घ्या, त्या कागदापेक्षा माणसाला जास्त वाईट.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ही चूक चांगल्या हेतूनेच होते. कोणीतरी हौसेने मागून नवा कागद खळीने डकवतो. महजराचे बंद जिथे जोडलेले असतात तिथे पाठीमागे पुष्कळदा शिक्का किंवा लेखी खूण असते. मधला एखादा बंद काढून दुसरा घुसवता येऊ नये म्हणून ती केलेली असते. मागून कागद डकवला की ती खूण झाकली जाते आणि कागदाच्या खरेपणाची मोठी साक्षच जाते. शिवाय काजळ आणि डिंक यांची शाई उन्हाने उडत नाही, पण पाणी लागलं की फुटते. प्रयोगशाळेत म्हणूनच आधी शाईची कसोटी घेतात, मग ओलावा द्यायचा की नाही ते ठरवतात.

आता एक चांगली बातमी, आणि ती तुम्ही गावात सगळ्यांत आधी सांगा. हा कागद वाचू शकतो. पेशवाईतला हाती केलेला कागद लांब धाग्यांचा आणि मुळात चिवट असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ घातलेला कागद आला, तो आतल्या आम्लाने आपोआप ठिसूळ होत जातो. तुमच्या महजराला ते दुखणं नाही. त्याला पीडा आहे ती दमट हवेची, बुरशीची, कसर या किडीची आणि घट्ट गुंडाळून ठेवण्याची. कसर कागदावरची खळ खाते, बुरशी धाग्यांना पोकळ करते, आणि पत्र्याचा गंज कडांना चिकटतो. हे सगळं थांबवता येतं. बारीक जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरून फाटलेल्या जागा सांधता येतात, आणि पुढे कधी गरज पडली तर तो सांधा सोडवताही येतो. ‘गेला बिचारा’ असं ज्याबद्दल गावाला वाटतं त्यासाठी कोणी वर्गणी देत नाही. प्रयोगशाळेच्या माणसाकडून ‘वाचेल’ हे लेखी घ्या आणि ते दाखवा.

आता मुख्य अडचण. गाव उदासीन आहे असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. गाव घाबरलेलं आहे.

कोकणात जुना कागद म्हणजे आधी जमीन आणि मान, इतिहास त्यानंतर. खोतीच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांच्या वतनदारीच्या, आठवणी अजून घरोघरी आहेत. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांचा संप 1933 ते 1939 असा चालला, डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला 1949 साल उजाडलं. ज्या घरांनी ते दिवस ऐकून-पाहून पचवले त्यांना कोणी ‘मोडी कागद सापडला’ म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यात महजर म्हणजे निवाड्याचा कागद. पालखीला खांदा आधी कोणाचा, होळीचा मान कोणाचा, देवाच्या शेताचं उत्पन्न कोणी घ्यायचं, असल्याच तंट्यांसाठी गोत, म्हणजे निवाडा करणारी गावची सभा, बसायचं. आजही मानपानाच्या वादात शिमग्याला सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवतात त्या जागी, पोलीस बंदोबस्त लावावा लागतो अशी गावं आहेत. तेव्हा ‘भानगडी होतील’ म्हणणारा म्हातारा अडाणी नाही. त्याने भानगडी पाहिलेल्या असतात.

त्याला ‘काका, काही होत नाही’ असं सांगू नका, कारण ते पूर्ण खरं नाही. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून कोर्टापुढे आला तर तो खरा असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणजे मानाच्या दाव्यात कोणी हा महजर पुढे करू शकतो, हे मान्य करूनच बोला. मग त्याला दुसरी बाजू सांगा, कारण तीही तितकीच खरी आहे: कागद फाटका आणि न वाचलेला राहिला तर त्यात काय आहे हे ज्याला जसं हवं तसं सांगता येतं. ‘आमच्या आज्याने सांगितलंय, कागदात आमचंच नाव आहे’ हे वाक्य कागद बंद नळीत असेपर्यंतच चालतं. मी पाहिलेल्या गावांत सर्वांत जास्त विरोध ‘भानगडी होतील’ म्हणणाऱ्या माणसांनीच मागे घेतला, आणि तोही याच मुद्द्यावर.

म्हणून देवस्थानच्या सभेत पहिला ठराव पैशांचा करू नका. ठराव असा करा: मूळ कागद देवस्थानचा आहे आणि राहील, संवर्धनात एक अक्षरही नव्याने गिरवलं जाणार नाही, वाचन झाल्यावर त्याचं बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर सर्व वाड्यांना एकाच दिवशी मिळेल, कोणाला आधी आणि कोणाला मागाहून नाही. ज्यांच्या घराण्यांची नावं महजरात निघतील त्यांना मात्र जाहीर वाचनाआधी घरी जाऊन मजकूर सांगा, दोन्ही पक्षांना. स्वतःबद्दलची गोष्ट चारचौघांत अचानक कानावर आली की माणूस बिथरतो, मग ती चांगली असो की वाईट.

त्यानंतर वाचन. सगळ्या खटाटोपात मी जास्त वेळ इथेच घालवीन.

राजापूर तालुक्यातल्या एका देवळात झालेलं असं वाचन माझ्या डोळ्यांसमोर आहे. मूळ कागद प्रयोगशाळेत होता. त्याच्या चांगल्या छायाचित्रावरून मूळ मापाचीच लांब पट्टी फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतली होती आणि सभामंडपाच्या दोन खांबांना बांधली होती. मोडी वाचक काठीने ओळ दाखवत वाचत होते. सुरुवातीचा मायना, मग ‘छ’ लिहून चंद्राची तारीख, मग अरबी शब्दांतलं सुहूर साल. ‘सबा खमसैन मया व अलफ’ म्हणजे सात, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण 1157. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1756, आणि सुहूर वर्ष मृगाला बदलतं म्हणून 1756-57. एवढं सांगेपर्यंत लोक आपसांत बोलतच होते. मग चतुःसीमा आल्या. पूर्वेस व्हाळ (ओढा), दक्षिणेस खाजण, पश्चिमेस पाखाडी. मागच्या बाजूला बसलेल्या बायकांतून आवाज आला, ‘अवो, तो व्हाळ म्हंजे आमच्या घरामागचाच!’ त्यानंतर देवळात कोणी हललं नाही. शेवटी निशाण्या आल्या. लिहिता न येणाऱ्या गोतातल्या माणसांनी सहीच्या जागी आपल्या धंद्याची खूण काढायची पद्धत होती: कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. त्या खुणा पाहायला मुलं खांबाजवळ आली ती तिथून हटेनात.

त्याच दिवशी एका तरुण मुलीने विचारलं, ‘यात आमच्या वाडीचं नाव कुठेय?’ तिच्या वाडीचं नाव नव्हतं. वाचकांनी ते सरळ सांगितलं, आणि का नसेल तेही सांगितलं: गोतात कोणाला बसवत, कोणाची साक्ष धरत, कोणाला उभंच राहावं लागे. मला तो क्षण त्या सभेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कागदात जे नाही तेही गावापुढे मोकळेपणाने बोललं गेलं, म्हणून ती वाडी कामात राहिली. नाहीतर अशी कामं चारपाच मानकरी घरांची होऊन बसतात आणि बाकीच्यांना ‘आम्हाला काय त्याचं’ म्हणण्याचं रास्त कारण मिळतं. आमंत्रण कुणबीवाडी, भंडारवाडा, खारवीवाडा, मोहल्ला, बौद्धवाडी, सगळीकडे माणसाने जाऊन द्या. व्हॉट्सअॅपच्या निरोपावर ज्यांना यायचं असतं ते तसेही येणारच असतात.

वाचनाला चांगलं छायाचित्र लागतं, आणि ते मोबाइलवर काढलेलं नव्हे. नळी उघडायचं काम प्रयोगशाळेतच, कागदाला सावकाश ओलावा देऊन झालं पाहिजे, आणि त्याच बैठकीत वरून कॅमेरा लावून, फ्लॅश न वापरता दोन्ही बाजूंची छायाचित्रं घ्यायला सांगा. एवढ्या पहिल्या टप्प्याचा खर्च वेगळा लिहून मागा. तो एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो आणि दोनतीन घरं मिळून उचलू शकतात. गावाकडे हात पसरायचा तो हा टप्पा झाल्यावर आणि वाचन झाल्यावरच.

‘फोटो आहेत ना’ या ट्रस्टींच्या म्हणण्याला उत्तर द्यावं लागेल. फोटोत मजकूर येतो. जोडावरचा शिक्का, कागदाची जात, एखादी ओळ मागाहून वेगळ्या शाईने घातली आहे का, हे कळायला मूळच लागतं. आणि मोबाइलवरचे फोटो तरी कुठे टिकतात? 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा 1864 पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातल्या ग्रंथसंपदेची केवढी हानी झाली ते आपल्या जिल्ह्याने पाहिलं. त्याच पाण्यात घराघरांतले संगणक, फोन, अल्बमही गेले. छापलेलं पुस्तक दुसरीकडून मिळवता येतं. तुमच्या महजराची दुसरी प्रत असेलच असं नाही. इटलीत फ्लोरेन्सला नोव्हेंबर 1966 मध्ये आर्नो नदीचा पूर आला तेव्हा चिखलातून ग्रंथ काढायला देशोदेशींची तरुण मुलं धावली, आणि कागदसंवर्धनाच्या आजच्या पुष्कळ पद्धती त्या कामातून पुढे आल्या. पण ती माणसं धावली पूर आल्यावर. तुमच्या हातात अजून वेळ आहे.

वेळेचंही गणित कोकणचंच धरा. माणसं मिळतात गणपतीत आणि शिमग्याला. गणपतीत सगळे चाकरमानी गावात असतात, पण हवेत ओल मरणाची असते. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला रान मोकळं. म्हणून भाद्रपदात मूळ कागद बाहेर काढायचाच नाही. तेव्हा फक्त माणसं जोडायची: आरतीनंतर वाडीवाडीत दहा मिनिटं बोलायचं, ठरावाची प्रत द्यायची. पौष-माघातल्या कोरड्या हवेत कागद प्रयोगशाळेत न्यायचा आणि आणायचा. शिमग्याला पालखी सहाणेवर असताना छापील पट्टीवरून वाचन करायचं, कारण तेव्हा मानकरी, गावकर, गुरव, मुंबईकर सगळे एका जागी असतात. मानाचा वाद चालू असलेलं गाव असेल तर मात्र शिमगा टाळा आणि मे महिन्याच्या सुट्टीत करा.

वर्गणी मागताना एकूण आकडा सांगू नका, एका बंदाचा खर्च सांगा. ‘दोन नंबरचा बंद आमच्या वाडीने केला’ असं म्हणता येणं ही मोठी गोष्ट असते. प्रत्येक बंदाचा आधीचा आणि नंतरचा फोटो त्या वाडीला किंवा मुंबईच्या मंडळाला पाठवा. देणाऱ्याचं नाव लिप्यंतराच्या पुस्तिकेत छापा. कागदाच्या पेटीवर किंवा कपाटावर नावाची पाटी लावू देऊ नका. पाटी लागली की मालकी लागते.

पैसा देवस्थानच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यातच घ्या आणि पावती द्या. नोंदणी नसलेली वेगळी समिती करून वर्गणी गोळा करायची तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेशमंडळं घेतात तशीच. ट्रस्टकडे देणगीवरच्या करसवलतीची 80जी मान्यता असेल तर देणाऱ्याला सांगा की 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी मिळू शकतो, 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारशाचं संरक्षण आहे. पण एका महजरासाठी कंपनीचं दार ठोठावण्यात हशील नाही. आसपासच्या पाचसहा देवस्थानांची दप्तरं एकत्र करून प्रस्ताव केला तर ऐकून घेतात. आणि गावाने स्वतः काही घातलं आहे हे दिसल्याशिवाय बाहेरचा पैसा मागूच नये, असं माझं ठाम मत आहे. बाहेरच्या पैशाने वाचलेला कागद पुन्हा त्याच नळीत आणि त्याच माळ्यावर गेलेला मी पाहिला आहे.

ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांना काम द्या, ते जास्त टिकतं. सुताराकडून कपाट भिंतीपासून वीतभर सुटं करून घ्या. शाळेतल्या दोघा मुलांकडे आर्द्रता मोजण्याच्या छोट्या यंत्राची नोंदवही द्या, रोज एक आकडा लिहायचा. एखाददोन तरुणांना मोडीच्या प्राथमिक वर्गाला पाठवा. राज्य पुराभिलेख संचालनालय असे वर्ग घेतं. गावातलंच कोणी अडखळत का होईना स्वतः वाचू लागलं की कागदावरचा संशय झपाट्याने कमी होतो.

जाहिरातीबद्दल एक सावधगिरी. वर्तमानपत्रात बातमी द्या, पण कागद नेमका कोणाच्या घरी, कोणत्या कपाटात आहे ते छापू देऊ नका. बातमीनंतर विकत घेणारे येतील. 75 वर्षांहून जुना ऐतिहासिक दस्तऐवज 1972 च्या कायद्याने पुरावस्तूत मोडतो आणि तो परस्पर देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे, हे ट्रस्टींना आधीच वाचून दाखवा.

राहिला पुण्याचा प्रश्न. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, घराघरांतली दप्तरं त्यांनी पाहिली, 1898 मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि पुढे 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ती धडपड झाली नसती तर कितीतरी कागद आज नावालाही उरले नसते. त्यामुळे ‘आमचा कागद बाहेर जाऊ देणार नाही’ या हट्टाला मी सरसकट पाठिंबा देत नाही. तुमच्या देवस्थानाकडे पावसाळ्यातही कोरडी राहणारी, वाळवी न लागलेली एक खोली आणि दोन जबाबदार माणसं असतील तर मूळ कागद गावातच ठेवा. आम्लविरहित पेटीत, गुंडाळायचाच तर रुंद नळकांड्यावर सैल, आणि वर्षातून एकदा माघात दोघांनी मिळून पाहायचा, पाहिल्याची तारीख लिहायची. उत्तम प्रतीची छायाचित्रं मात्र पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या संस्थेत ठेवाच.

असं काही नसेल, किंवा देवळाचा जीर्णोद्धार चालू असून पुढची दोनतीन वर्षं छप्परच उघडं असणार असेल, तर कागद सुरक्षित ठेव म्हणून संस्थेकडे द्या. ठेव म्हणून, दान म्हणून नाही. करारात चार गोष्टी लिहून घ्या: मालकी देवस्थानची; मागणी केल्यावर किती मुदतीत परत; गावच्या माणसाला पाहायला मिळण्याची सोय; आणि प्रकाशनात देवस्थानचा उल्लेख. हा कराराचा मसुदाही त्याच सभेत वाचा, ठरावाच्या वहीत उतरवा आणि खाली मानकऱ्यांबरोबर सगळ्या वाड्यांच्या सह्या घ्या.